भरडावर कार्डून लावून बॉयलरला विकायचा, जमेल का? (आर्टिचोकचा भाऊबंद)

भरडवाला_डिचोली

नमस्कार मंडळी. डिचोली तालुक्यात घराच्या वरच्या बाजूला आमचं भरड आहे, दोन हेक्टरच्या आसपास, सगळा जांभा आणि वर वीतभर माती. आजोबांच्या वेळचा काजू होता, त्यातला निम्मा मागच्या एप्रिलात वणव्यात गेला आणि उरलेल्याला मोहोर आला की दरवर्षी ढेकण्या कीड धरते. आता तिथे काय लावायचं हा घरात रोजचा विषय.

गेल्या महिन्यात घाटावरून एक माणूस आला, गावातल्या दहा-बारा जणांना बसवून लॅपटॉपवर दाखवलं. कार्डून म्हणून पीक आहे, आर्टिचोकच्याच जातीचं, काटेरी, जांभळं फूल येतं. एकदा लावलं की दहा वर्षं बघायला नको, पाणी नको, खत नाममात्र, हेक्टरी १५ ते २० टन सुका माल, बियांचं तेल वेगळं, दांडे बॉयलरला, पानं बायोगॅसला. बी त्यांच्याकडूनच घ्यायचं आणि माल तेच उचलणार. बियाण्याचा भाव ऐकून माझा शेजारी उठून चहा प्यायला गेला पण मला विषय डोक्यातून जाईना, कारण माझा आतेभाऊ इटलीला बोटीवर असतो त्याला विचारलं तर तो म्हणाला सार्डिनियात खरंच शेतं आहेत, त्याने बघितलीत.

तर प्रश्न असे की १) आपल्याकडे येईल का २) आलं तर गोव्यात घेणार कोण, पिसुर्ले कुंडई वेर्णा या औद्योगिक वसाहतींत कुठे बॉयलरवाले असा माल घेतात का ३) बाजूला खाणीचा जुना डंप आहे त्यावर लावता येईल का ४) गवे खातात का!! हा शेवटचा प्रश्न मस्करीत नाही, भात सोडलं ते गव्यांमुळेच. माहिती असलेल्यांनी लिहा, नुसतं "काजूच लाव" नको, ते घरचे रोज सांगतात.

मातीमास्तर

भरडवाला बाब, त्या माणसाने सांगितलेलं बरंचसं खरं आहे, पण ते खरं आहे तिथलं. मी कृषी शिकलो, नोकरी वेगळी करतो, पण हे पीक मी स्वतः फोंड्यात लावून बघितलंय म्हणून जरा लांब लिहितो.

आधी पीक काय ते. सायनारा कार्डुनक्युलस, सूर्यफुलाच्या कुळातलं. यात तीन भावंडं: रानटी कार्डून, लागवडीचा कार्डून आणि आर्टिचोक. आर्टिचोकची कळी खातात, कार्डूनचे पानाचे जाड देठ खातात आणि रानटी त्यांचा मूळपुरुष. इंधन म्हणून याचा अभ्यास स्पेनमध्ये चांगला झालाय, माद्रिदच्या पॉलिटेक्निक विद्यापीठात हेसुस फर्नांडिस यांच्या गटाने १९८० च्या दशकापासून केलेला. सार्डिनियाचं पण खरं, पोर्तो तोर्रेसला जुना पेट्रोकेमिकल कारखाना होता तिथे २०११ मध्ये नोव्हामोंट आणि एनी या तेल कंपनीची वर्सालिस यांनी मिळून मात्रिका नावाची कंपनी काढली आणि आजूबाजूच्या शेतकऱ्यांकडून कार्डून लावून घेतला. पण त्यांचा जीव बॉयलरमध्ये नव्हता हे लक्षात घे. वनस्पती तेलापासून अॅझेलेइक आणि पेलार्गोनिक अॅसिड काढायचं, त्यातून बायोप्लॅस्टिक, वंगण, तणनाशक असा महाग माल करायचा, आणि उरलेला पालापाचोळा कारखान्याला ऊर्जा द्यायला. म्हणजे तेल हे मुख्य आणि जळण हे जोडीला. तुला जो आला त्याने उलटं करून सांगितलं.

आता मुद्दा पावसाचा. हे झाड जिथलं आहे तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो. ऑक्टोबरात पहिला पाऊस आला की जमिनीतल्या गड्ड्यातून कोंब फुटतो, थंडीभर पानांचा मोठा चक्राकार घेर करतो, वसंतात दोन-अडीच मीटरचा दांडा वर काढतो, फुलतो, आणि जुलै-ऑगस्टच्या कडक कोरड्या उन्हात उभाच्या उभा वाळतो. कापायला जाशील तेव्हा ओल दहा-पंधरा टक्केच असते. वाळवायचा खर्च नाही, पाणी दिलेलं नाही, मुळं खोल म्हणून वर्षाला ४००-५०० मिलिमीटरवर भागतं. सगळी कमाई या वेळापत्रकात आहे. आता हेच डिचोलीला आण. आपल्याकडे ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर, म्हणजे नेमका त्याच्या झोपेच्या दिवसांत. आणि त्याला पाणी हवं तेव्हा, नोव्हेंबर ते मार्च, आपलं भरड खडखडीत. जांभ्यात वीतभर माती असेल तर ते खोल मूळ जाणार कुठे तेही बघ.

मी काय केलं ते सांगतो. बी मागवून पिशव्यांत रुजवलं, ऑक्टोबरात एक ओळ जमिनीत लावली आणि थोडे ग्रो बॅगमध्ये ठेवले. रुजलं झकास. डिसेंबरात पानं हातभर लांब, राखाडी, खाली पांढरी लव, बघणारे थांबून विचारायचे हे काय. पाणी मात्र दिवसाआड द्यावं लागलं, ठिबक लावलं. फूल एकालाही नाही. मग मिरग आला आणि पहिल्या आठवड्यातच पानं आडवी पडली, आषाढात एक रोप धरून ओढलं तर काही जोरच लागला नाही, वरचं सगळं हातात आलं आणि गड्डा जमिनीत काळा, चिकट, कुजक्या कांद्याचा वास. ग्रो बॅगवर पत्रा होता त्यातले दोन तगले. म्हणजे दहा वर्षं जाऊदे, गोव्यात हे एका हंगामाचं पीक, आणि तेसुद्धा पाण्यावरचं.

फूल का नाही तर थंडी. आर्टिचोकला कळी धरायला दहा अंशांच्या खाली काही शे तास मिळावे लागतात, कार्डूनलाही दांडा काढायला थंडी लागते. पणजीचं जानेवारीतलं किमान तापमानच १९-२० असतं. सत्तरीत धुकं पडतं तेव्हा आपण स्वेटर काढतो पण झाडाला ती थंडी नव्हे. कॅलिफोर्निया-अॅरिझोनात गरम भागात वर्षभराचे वाण लावून जिबरेलिक अॅसिड हे वाढीचं संप्रेरक फवारतात आणि कळी काढतात, ते हॉटेलच्या भाजीसाठी परवडतं, जळणासाठी नाही. फूल नाही म्हणजे बी नाही, बी नाही म्हणजे तेल नाही, दांडा नाही म्हणजे जळण नाही. उरली पानं आणि त्यात बहुतेक पाणीच.

वाफेचा_माणूस

मास्तरांनी शेताचं सांगितलं, मी धुराड्याचं सांगतो. वीस वर्षं बॉयलर चालवतोय, नाव-गाव विचारू नका.

पहिलं म्हणजे आमच्याकडे कोणी मेगाज्यूल विचारत नाही, किलोकॅलरी विचारतात. कार्डून सुका असला तर किलोला ३,८०० ते ४,००० च्या घरात, म्हणजे लाकडापेक्षा जरा कमी, वाईट अजिबात नाही. पण परचेसवाला जीसीव्ही, म्हणजे जळणातली एकूण उष्णता बघतो आणि आम्ही राख बघतो. लाकडात राख एक टक्का, दोन टक्के. कार्डूनमध्ये सात-आठ तर सहज, मातीसकट कापला तर त्याच्या वर. आता तुम्ही म्हणाल भाताच्या तुसात वीस टक्के राख असते ते कसं जाळता. अहो तुसाची राख सिलिकाची, ती भुसभुशीत राहते, उडते, धुरातली राख पकडणाऱ्या सायक्लोनमध्ये धरता येते. कार्डूनच्या राखेत पोटॅश आणि जोडीला क्लोरीन. पोटॅश राखेचा वितळबिंदू खाली आणतं आणि मग ती राख राहत नाही, काच होते. क्लोरीन ट्यूबा खातं.

याचा नमुना बघायला सार्डिनियाला जायला नको. आमच्याकडे एकदा लाकूड मिळेना म्हणून नारळाची सोडणं आणि चुडतं भरपूर टाकली. माडालाही पोटॅश-क्लोरीन दोन्ही आवडतात हे शेतवाल्यांना माहीत असेलच. दुसऱ्या पाळीला जाळीवर हिरवट-काळ्या काचेची ढेप बसली, हवा वर येईना, प्रेशर पडायला लागलं. लोखंडी सळीने हाणत बसलो, तुकडा बाहेर काढला तर आतून लाल आणि गार झाल्यावर बांगडीच्या काचेसारखा चमकायचा. तेव्हापासून सोडणं दहा-पंधरा टक्क्यांच्या वर मिसळत नाही. कार्डून आला तरी त्याला असंच मिसळून घेणार, म्हणजे दर पण मिसळीचाच मिळणार, लाकडाचा नाही.

दुसरं, जागा. कार्डूनचे दांडे आत भुशाचे, हलके. ट्रक भरला तरी वजन होत नाही. गाठी बांधायचं यंत्र नसेल तर डिचोलीहून वेर्ण्याला तुम्ही हवा वाहून नेणार. आणि बोंडातले ते केस, सावरीच्या कापसासारखे, कापणीत उडतात, फिल्टरमध्ये बसतात, ठिणगीला भडकतात.

आणि एक हिशेब करून बघा, कोणी वीज प्रकल्पाच्या गप्पा मारल्या तर उपयोगी पडेल. हेक्टरी १२ टन सुका धरला, ३,९०० किलोकॅलरी, म्हणजे उष्णता साधारण ५४,००० युनिट. छोट्या प्लँटची कार्यक्षमता वीस टक्के धरा, वीज झाली ११,००० युनिटच्या आत-बाहेर. एक मेगावॅटचा प्लँट वर्षाला ७,५०० तास चालवायचा तर ७५ लाख युनिट. म्हणजे ६८० हेक्टर कार्डून, एका मेगावॅटला! आख्ख्या गोव्याचं क्षेत्र ३,७०२ चौरस किलोमीटर, त्यातलं जंगल, खाण, हॉटेल, बंगले वगळा आणि ६८० हेक्टर सलग कुठे मिळतं ते मला दाखवा. मिळालं तर त्यावर कोणी तरी आधीच व्हिला प्लॉट पाडले असतील 😀

उसगावचा_बाळू

६८० हेक्टर म्हणे. इथे ऊसवाल्यांचं काय झालं ते बघतोय. संजीवनी साखर कारखान्याचं गाळप २०१९-२० च्या हंगामापासून बंद, ऊस लावणारे अजून इथेनॉल प्रकल्पाची वाट बघतायत. घेणारा एकच असला आणि तो बंद पडला की पीक कितीही चांगलं असो, उभ्या शेताचं काय करायचं. आणि तुझा तो घाटावरचा माणूस बी विकून आधीच सुटलेला असणार. बायबॅक बायबॅक (माल आम्हीच परत घेऊ) करतात, कागद मागितला की नेटवर्क जातं.

बाकी आर्टिचोक मी खाल्लाय, कळंगुटला पिझ्झ्यावर होता. काय त्याचं एवढं.

भरडवाला_डिचोली

बाळू 😂 कागद मागितला होता, देतो म्हणाला, अजून देतोय.

मास्तर, वाफेवाले दादा, खूप आभार, असंच सविस्तर हवं होतं. पण एक राहिलं. तुम्ही म्हणता पानं तेवढी उरतात. मग पानंच का नको? सप्टेंबर शेवटी लावायचं, फेब्रुवारीत कापायचं, हिरवंच बायोगॅसला द्यायचं. थोडं पाणी आहे, खालच्या बाजूला झरी आहे ती मार्चपर्यंत चालते. आणि खाजनवाल्यांना (खाडीकाठच्या खाऱ्या शेतीवाल्यांना) पण विचारायचं होतं, हे खारट जमिनीत तगतं असं ऐकलं.

मातीमास्तर

खाऱ्या जमिनीत बऱ्यापैकी तगतं हे बरोबर, पण खाजनात मीठ हा अर्धाच प्रश्न, पावसात तिथे पाणी उभं राहतं आणि साचलेलं पाणी याला अजिबात चालत नाही. खाजनात भात आणि मासळीच बरी, मानशीची (खाडीचं पाणी अडवणाऱ्या दाराची) डागडुजी केली तरी पुष्कळ.

पानांचं म्हणशील तर गॅस होतो. इटली, स्पेन, इजिप्तमध्ये आर्टिचोक मोठ्या प्रमाणात होतो आणि खाण्याची कळी काढून घेतली की झाडाचा मोठा भाग शेतातच उरतो, डबाबंद करणाऱ्या कारखान्यात पुन्हा कळीच्या बाहेरच्या पाकळ्या आणि देठ उरतात. ते सगळं गुरांना मुरघास करून घालतात, बायोगॅसला देतात, मुळांत आणि कळीत इन्युलिन असतं ते काढतात, पानांतून क्लोरोजेनिक अॅसिड, सायनारिन वगैरे औषधी अर्क काढतात. म्हणजे तिथे जळण-गॅस हे उरल्यासुरल्याचं आहे, भाजीच्या पैशात शेत आधीच वसूल झालेलं असतं. मी म्हणतो ते एवढंच की बायोमासचं गणित उरलेल्या मालावर बसतं. मुद्दाम पाणी देऊन, माणूस लावून, हिरवा पाला पिकवायचा आणि तो गॅसला घालायचा तर त्यासाठी नेपियर आहे, पाणी-शेण असेल तर वर्षाला पाच-सहा कापण्या देतं आणि पावसात कुजत नाही उलट माजतं. आता नेपियर लावलं म्हणजे गव्यांना अक्षता दिल्यासारखं, ते तू समजून घे. कार्डूनचं पान कडू, सायनारोपिक्रिनमुळे, गवा कदाचित एक घास घेऊन निघून जाईल. चौथ्या प्रश्नाचं तेवढंच उत्तर तुझ्या बाजूने 🙂

डंपचं. खाणीच्या डंपवर गोव्यात पूर्वी अकेशिया लावला, काही ठिकाणी काजूही लावला, कारण त्यांना मातीच नसली तरी चालतं. युरोपात धातूंनी खराब झालेल्या जमिनीवर कार्डून लावून बघितलाय, तो धातू शोषतो, खरं आहे. पण आपल्या डंपचा प्रश्न आधी उताराचा आणि धुपीचा, पावसात लाल पाणी खालच्या शेतात येतं ते. तिथे बांबू, गवत, जे मुळांनी पकडून ठेवेल ते हवं, पावसात मरणारं झाड नको. शिवाय डंप तुझा नाही, लीजवाल्याचा किंवा सरकारचा असेल, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केल्यानंतर त्या जागांची कागदपत्रं कोणाकडे हा वेगळा शोध. त्यात पडू नको.

सोनेरी_खेकडा

एक वेगळी बाजू. हे झाड पसरतं. युरोपातून दक्षिण अमेरिकेत अर्जेंटिना-उरुग्वेकडे गेलं आणि इतकं माजलं की १८३३ मध्ये डार्विन तिथे फिरला तेव्हा आजच्या उरुग्वेत शेकडो चौरस मैल याच काट्यांनी भरलेले, माणूस-जनावर आत शिरू शकत नव्हतं असं त्याने लिहून ठेवलंय. कॅलिफोर्नियात पण तण म्हणून धरतात. इथे पावसाने मरेल हे ठीक पण बी वाऱ्याने उडतं, चोर्ला घाट चढून वर खानापूर-बेळगावकडे गेलं तर तिथे थंडी आहे, पाऊस पूर्वेला कमी होत जातो. रानमोडी आणि घाणेरी कोणी आणली म्हणून आज विचारून काय फायदा, आख्खा सह्याद्री भरला. रानमोडी पण याच सूर्यफुलाच्या कुळातली आहे बरं का.

भरडवाला_डिचोली

हे डोक्यातच नव्हतं आलं. फूलच येत नसेल तर बी उडणार नाही म्हणा, पण घाटावर लावणारे लावतीलच.

पावाचा_पेद्रू_नव्हे

मी साखळीत घरी चीज करतो म्हणून या धाग्यावर आलो. कार्डूनच्या फुलाच्या जांभळ्या तंतूंनी दूध जमतं. पोर्तुगालचं सेरा दा एस्त्रेला, आझेइताव, सेर्पा ही चीजं अशीच करतात, वासराच्या पोटातलं रेनेट नाही, म्हणून शाकाहारी लोकांना चालतं. वाळलेलं फूल मिठासोबत कुटून कोमट पाण्यात भिजवायचं, गाळायचं, पाणी तपकिरी होतं ते दुधात घालायचं. कार्डोसिन नावाची प्रोटीन तोडणारी द्रव्यं असतात त्यात.

आता गंमत अशी की ती चीजं मेंढीच्या दुधाची. गाईच्या दुधात हे घातलं तर ताजं असेपर्यंत ठीक, मुरायला ठेवलं की कडवट होत जातं कारण हे प्रोटीन फारच तोडतं. गोव्यात मेंढी आणायची कुठून. पण फूल वाळवून किलोवर विकलं जातं, जळण टनावर. कोणी कार्डून लावलाच तर इंधनाऐवजी फुलाचा विचार करा, दहा झाडं पत्र्याखाली ठेवली तरी माझं वर्ष निघेल. अर्थात मास्तरांच्या म्हणण्यानुसार फूलच येत नाही. मास्तर, जिबरेलिक मारून बघितलं का हो?

मातीमास्तर

तगलेल्या दोनांवर मारणार आहे येत्या हंगामात. आलं फूल तर तुम्हाला पहिलं.

कुळागरची_सून

मी काणकोणची, कुळागर (माड-पोफळीची बाग) आहे, सासरे असेपर्यंत काजूची भट्टी पण होती. भरडवाला भाऊ, "काजूच लाव" ऐकायचं नाही म्हणालात म्हणून मी काजू लाव म्हणत नाही, काजूचं जे फेकता ते काय करता ते विचारते.

काजूच्या बीच्या सहा ते दहा पट वजन बोंडूचं. मार्च ते मे बोंडू पिळायचे, रस काढला, नीरो काढला, हुर्राक आणि फेणी झाली, आणि चोथा? आमच्याकडे भट्टीच्या मागे ढीग पडायचा, पहिल्या दिवशी गोड वास, तिसऱ्या दिवशी आंबलेला, त्यावर चिलटांचा ढग, आणि पाऊस लागला की सगळं ओढ्यात. प्रत्येक भट्टीमागे हेच. फेणीला २००९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, चोथ्याकडे कोणी बघितलं नाही. हा माल लावायला लागत नाही, पाणी द्यायला लागत नाही, बी विकत घ्यायला लागत नाही. मास्तर म्हणतात ना उरलेल्या मालावर गणित बसतं, ते हेच नव्हे का.

आम्ही तीन घनमीटरचा घरगुती बायोगॅस बांधलाय, शेणावर चालतो. नवऱ्याने त्यात सीझनला चोथा घालायला सुरुवात केली, पहिल्यांदा बादल्या भरभरून ओतला तेव्हा गॅस बसलाच, चूल फुरफुर करून विझायची, कारण चोथा आंबट आणि तुरट, आतले जंतू मरतात त्याने. मग शेणाच्या पाव हिश्श्याहून कमी ठेवला, आदल्या दिवशी पाण्यात कालवून चिमूट-मूठ चुना टाकून मगच ओततो. आता मे महिन्यात दोन वेळचा स्वयंपाक होऊन वर गॅस उरतो. हंगाम संपला की सुपारीची सोलपटं आणि माडाची चुडतं असतात पण ती गॅसच्या कामाची नाहीत, फार चिवट, ती चुलीला किंवा मल्चिंगला.

साळगावच्या कचरा प्रकल्पात २०१६ पासून ओल्या कचऱ्याचा गॅस करून वीज करतात, म्हणजे गोव्यात तंत्र नवं नाही. दहा भट्टीवाले एकत्र येऊन चोथा एका ठिकाणी टाकला, बाजूला गोठेवाला असला, तर तुमच्या त्या लॅपटॉपवाल्यापेक्षा हे लवकर होईल असं मला वाटतं. अडचण एकच, माल तीन महिन्यांचा आणि प्लँट बारा महिन्यांचा. चोथा वाळवून ठेवता येतो, मेच्या उन्हात कातळावर पसरला तर दोन-तीन दिवसांत कुरकुरीत, पण रात्री उचलायला माणूस हवा नाहीतर गुरं येऊन फस्त करतात. तसा वाळलेला चोथा गुरांच्या खाद्यातही थोडा थोडा चालतो.

वाफेचा_माणूस

ताईंना जोडून, काजूच्या बीच्या टरफलाचं पण बघा. टरफलात वजनाच्या पाव हिश्श्याच्या आसपास तेल असतं, काळं, कातडी भाजणारं. टरफल तसंच जाळलं तर धूर इतका जहाल की शेजारी भांडायला येतात. पण तेल काढून घेतलेली जी पेंड, शेल केक म्हणतो आम्ही, ती ४,५०० किलोकॅलरीच्या आसपास, जड, सुकी, ट्रक वजनाने भरतो, ढेप बसत नाही. गोव्यात काजू फोडणारे कारखाने कमी नाहीत. माझ्या मते गोव्यातलं खरं एनर्जी क्रॉप, म्हणजे इंधनाचं पीक ते, फक्त त्याला कोणी तसं म्हणत नाही कारण त्याचं बी विकायला एजंट फिरत नाहीत.

भरडवाला_डिचोली

देव बरे करू सगळ्यांचं. घरी बसून आई आणि धाकट्या भावाला सगळा धागा वाचून दाखवला. आई फक्त कुजक्या कांद्याच्या वासाला हसली.

ठरलं ते असं: जळलेल्या निम्म्या भागात कडेने स्थानिक बांबू, मध्ये नवीन काजूची कलमं, ओल्ड गोव्याला एला इथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे तिथे जाऊन ढेकण्याचं आणि कलमांचं विचारणार. बांबू २०१७ च्या दुरुस्तीनंतर जंगलाबाहेर लावला तर झाड धरत नाहीत, तोडायला-न्यायला त्रास नाही, बरोबर ना? आणि गावात दोन भट्ट्या आहेत, त्यांना चोथ्याचं विचारतो, गोठा काकांचा आहेच. कार्डूनवाल्याला फोन करून नाही सांगितलं तर तो म्हणाला तुमच्या गावातले तिघे तयार झालेत. कोण तिघे ते सांगेना.

एकच शेवटचं. पत्र्याखाली दोन-चार झाडं मलाही लावायचीत, नुसती हौस, आतेभावाला सांगितलं तर तो पाकीटभर बी खिशात घालून आणतो म्हणाला. चालेल ना?

मातीमास्तर

बांबूचं बरोबर, खाजगी जमिनीवरचा मोकळा. खिशातून बी मात्र नको. बाहेरून बी आणायला २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे आयात परवाना आणि तिकडचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (बी रोग-किडीमुक्त असल्याचा दाखला) लागतं, दाबोळी विमानतळावर सापडलं तर पाकीट जाईलच आणि आतेभावाची चौकशी वेगळी. भारतातच भाजीपाला बी विकणाऱ्यांकडे आर्टिचोकचं छोटं पाकीट मिळतं, हौसेला तेच घे. ऑक्टोबरात मला मेसेज कर, माझ्याकडे उरलं असेल तर मीच देतो.

वाफेचा_माणूस

आणि काकांच्या गोठ्यात बायोगॅस बांधणार असाल तर खड्डा मे संपायच्या आत खणून बांधून घ्या, जांभ्यात जूनला खणायला घेतलात तर विहीर होईल.

उसगावचा_बाळू

ते तिघे कोण कळलं तर इथे लिही रे. एक माझा मेव्हणा नसला म्हणजे मिळवली.